पाचाच्या पुढचा काठ

भाऊजी,

तुम्ही आमच्या घरी आलात त्या वर्षी आमच्याकडे नदी पार करायचा डोंगा होता आणि तो हाकायला माणूस नव्हता. बाप आदल्या वर्षीच्या भादव्यातल्या तापात गेला होता. घाटावरच्या करंजाखाली डोंगा पालथा घालून ठेवला होता आणि त्याच्या आडोशाला गावच्या कुत्रीनं पिल्लं घातली होती. माय आणि माझी थोरली बहीण बाई सकाळपासून भट्टीवर वाळू तापवायच्या, मुरमुरे भाजायच्या आणि बाजाराच्या दिवशी टोपल्या डोक्यावर घेऊन वैनगंगेच्या पलीकडं जायच्या. चुलतकाकाच्या डोंग्यात बसून. ज्या घराचा घाट, त्याच घरच्या बायकांना तो शेवटी चढवायचा आणि जिथं तळाला पाणी साचतं तिथं बसवायचा. बाई सांगते, त्या वर्षभर बाजाराच्या दिवशी तिचं लुगडं कधी कोरडं राहिलं नाही.

मायनं एकदा स्वतः बांबू हातात घेतला. डोंगा ढकलला, दहा-पंधरा हात आत गेलीसुद्धा. दोन्ही काठांवरून लोक हसले. कोणी तरी ओरडलं, "बुढे, घरी जाय, चूल इझून जाईन!" ती परत आली. तिशी-पस्तिशीची असेल तेव्हा ती, बुढी कसली? मग पंचांनी सांगितलं की दिवाळीपर्यंत या घरात बांबू धरणारा माणूस आला नाही, तर घाटाचा हक्क काकाकडं जाईल.

लोक मुलगी द्यायला जातात. माय जावई आणायला गेली. तीन दिवसांनी वरच्या अंगाच्या गावाहून तुम्हाला घेऊन आली. खांद्यावर तुमच्या दुप्पट लांबीचा बांबू, काखेत एक गाठोडं, बस. घरजावई बघायला अर्धा गाव जमला होता.

"काय वो वयनी, नवा बैल आणला का?" काका म्हणाला.

"बैलाले चारा लागते, काकाजी," तुम्ही म्हणालात, "मले तंबाखू देल्ली तरी चालते."

आणि त्याच्याकडंच तंबाखू मागितली. त्यानं दिलीसुद्धा! मी दुसरीत होतो, पण काकाचं तोंड मला अजून आठवतं.

कुत्रीची पिल्लं तुम्ही एकेक करून टोपलीत घेतली, भट्टीच्या उबेला ठेवली, मग डोंगा उताणा केला. राळ आणि चिंध्यांनी भेगा भरल्या. दिवाळीच्या आत आमच्या घरच्या बायका आमच्या डोंग्यात बसून, पुढच्या कोरड्या जागेवर बसून, बाजाराला गेल्या.

हे सगळं तुम्हाला माहीत आहे. तरी लिहितो, कारण या गोष्टी मी तुमच्यासमोर कधी बोललो नाही. तुमच्याशी मी अणूबद्दल बोललो, ताऱ्यांबद्दल बोललो, दुसरं काही बोललो नाही. आणि तो नियम तुमचाच होता.

मी चांद्याला शिकायला गेलो तेव्हा तुम्ही तो केलात. "साळेबाबू, माह्या डोंग्यात कोणी रिकामा बसत नाई. काठ लागाच्या आंधी एक गोष्ट सांगाची. इस्कुलात शिकली ती. आन् नवी पायजे." कार्तिकात नदी पार व्हायला पाव तास लागायचा. तेवढ्यात गोष्ट संपली पाहिजे आणि तुम्हाला समजली पाहिजे. एकदा मी म्हटलं, पाणी शंभर अंशांवर उकळतं. तुम्ही बांबू न थांबवता म्हणालात, "हे मांगच्या पोळ्याले सांगतलं. शिळं नाई चालत." मी नागपूरच्या कॉलेजात गेलो तरी नियम सुटला नाही. गाडीत बसल्यापासून माझ्या डोक्यात हेच चालायचं, की आज भाऊजींना काय सांगू?

तारे दिवसा दिसत नाहीत. पण आपण त्यांच्या सगळ्या गोष्टी केल्या त्या उन्हातच, बाजाराच्या बायकांच्या आणि कोंबड्यांच्या मधात बसून.

आता ती गोष्ट लिहितो, जिच्यासाठी हा कागद घेतला.

इंटरच्या वर्षी मी नापास झालो. पदार्थविज्ञानात. निकाल घेऊन आलो तेव्हा डोंगा भरलेला होता. पुढं सगुणाबुढी वांग्यांची टोपली मांडीवर घेऊन बसली होती. वरच्या पहाडाकडचे दोघं गोंड बांबूचे सूप घेऊन चालले होते. तुम्ही विचारलंत, "किती मार्कानं गेला?"

"पंधरा."

"येकाच इषयात?"

"हो."

"मंग त्या इषयाच्या वक्ती झोपत होता का कालेजात?"

तुम्ही हसत विचारलं होतं. साळ्याची टिंगल करायचा भाटव्याचा, बहिणीच्या नवऱ्याचा, हक्कच असतो. पण माझ्या अंगाची आग झाली. सहा महिने कॉलेजातल्या पोरांनी माझ्या बोलण्याची टिंगल केली होती, आता तुम्ही. मी भरल्या डोंग्यात म्हणालो, "तुम्ही घरजावई आहात. आमच्या घरचं खाता. मला विचारणारे तुम्ही कोण?"

सगुणाबुढीचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. तुम्ही बांबू तळाला टेकवला, ओढला, पुन्हा टेकवला. चार-पाच वेळा. मग अगदी रोजच्या आवाजात म्हणालात, "काठ येऊन राह्यला. गोष्ट नाई सांगतली."

"आज गोष्ट नाही. नापास झालो ना."

"ज्याच्यात नापास झाला, तेच सांग."

भाऊजी, मी नंतर खूप मास्तर पाहिले. नापास झालेल्या पोराला एवढं नेमकं कोणीच बोललं नाही.

मी मान खाली घालून सांगितलं. म्हटलं, प्रत्येक वस्तू अणूंची झालेली असते. अणूच्या पोटात एक बारीक गाभा असतो, त्यात प्रोटॉन असतात. प्रोटॉनवर विजेचा भार असतो, आणि सारखा भार सारख्याला ढकलतो. म्हणून बाहेरचा प्रोटॉन गाभ्यात शिरायला गेला की आतले त्याला लोटून देतात.

"दोन जवाई येका पंगतीत," तुम्ही म्हणालात.

"तसंच. पण दुसरा एक कण असतो, न्यूट्रॉन. त्याच्यावर भारच नसतो."

"म्हंजे तो ना या काठचा ना त्या काठचा?"

"हो."

"मंग त्याले आतमंधी जाताना कोणी अडवत नाई?"

"नाही. सरळ शिरतो. जवळ पोचला की गाभा त्याला धरून ठेवतो. त्यालाच न्यूट्रॉन धरणं म्हणतात."

"आन् धरल्यावर?"

"आत राहतो. कधी कधी आत गेल्यावर त्याचाच प्रोटॉन होतो. मग ते मूलद्रव्यच बदलतं. एकाचं दुसरं होतं."

"आन् एकटाच बाहेर राह्यला तं?"

"जगत नाही. दहा-पंधरा मिनिटांत मोडतो."

तुम्ही बांबू वर घेतला, पाणी निथळू दिलं, आणि सगळ्या डोंग्याकडं पाहून म्हणालात, "अगा, हा तं घरजावई हाय!"

काय हसले लोक! ते दोघं गोंड, ज्यांना माझं अर्धं बोलणं कळलं नव्हतं, तेसुद्धा हसले. सगुणाबुढी डोळे पुसत म्हणाली, "आन् घरचं घरच बदलून जाते म्हने! तुमच्या घरचं तं बदललंच ना वो जवाई!" त्या दिवसापासून दोन्ही काठांवर तुमचं नाव न्यूट्रॉन पडलं. बाजारातल्या बायका हाका मारायच्या, "ओ न्यूट्रान, थांबा जरा!" ज्यांना त्या शब्दाचा अर्थ ठाऊक असलेला माणूस आख्ख्या तालुक्यात शोधून सापडला नसता, त्या बायका.

माझा शब्द तुम्ही असा हसण्यात वाहून जाऊ दिला. तुम्ही हसलात म्हणून मीही हसलो. माफी मागायची राहिली ती तेव्हापासून.

पुढच्या फेरीला मी तयारीनं आलो होतो. म्हटलं, वेगात आलेला न्यूट्रॉन सहसा निसटून जातो, हळू आलेला पटकन धरला जातो. मला वाटलं, तुम्ही थक्क व्हाल. तुम्ही कपाळाला आठ्या घातल्यात. "डोंगा जोरात आणला तं घाटाले आपटून मांगं येते. हळू आणला तं चिपकते. याच्यात नवं काय हाय? दुसरी सांग." ती गोष्ट तुम्ही धरली नाही. मला दुसरी सांगावी लागली. पण ऑक्टोबरच्या परीक्षेत मी पास झालो, तो विषय मग मला कधी जड गेला नाही.

बी. एस्सी.च्या पहिल्या वर्षी डोंगा मधात थांबला, ते तर सगळा घाट अजून सांगतो.

मी सांगत होतो, जगात एवढी मूलद्रव्यं आली कुठून. एक विचार असा होता, की अगदी सुरुवातीला एकेक न्यूट्रॉन धरत धरत सगळी झाली. हायड्रोजन म्हणजे एक. त्यानं न्यूट्रॉन धरला की वजन दोन. पुन्हा धरला की तीन. मग चार, म्हणजे हेलियम. असं चढत चढत लोखंड, सोनं, शिसं.

"मंग पाच कोणतं?"

"पाच नाही. हेलियमला न्यूट्रॉन दिला तर तो धरतच नाही, लगेच सुटतो. प्रोटॉन दिला तरी तेच. पाच वजनाचा गाभा टिकतच नाही."

"सहा?"

"सहा आहे, सात आहे. आठ पुन्हा टिकत नाही. दोन हेलियम एकत्र आले की आठ होतात, पण क्षणात फुटतात. नऊपासून पुढं सगळं आहे."

तुम्ही बांबू तळात रोवलात. डोंगा मधातच उभा राहिला.

"काऊन थांबवला वो?" सगुणाबुढी ओरडली. "बजार उठून जाईन!"

"याले इचार! पाच नाई म्हणते, आठ नाई म्हणते, आन् सोनं हाय म्हणते. ज्या दगडावर पाय ठेवताच येत नाई, तो वलांडून हा सोन्यापावतर गेला कसा?"

मी म्हटलं, "मला माहीत नाही."

"तुह्या मास्तरले माईत असन?"

"विचारतो."

"लिहून घे."

"इथं?"

"इथीच. काठावर गेला का इसरशीन."

कागद नव्हता. मी फाउंटनपेननं तळहातावर लिहिलं : पाच, आठ, कसे ओलांडले? सगुणाबुढी म्हणाली, "माहे वांगे सुकून राह्यले, आन् याहिचं पाच-आठच होऊन राह्यलं!" मग तुम्ही बांबू काढलात.

नागपूरला गेल्यावर मी पदार्थविज्ञानाच्या सरांना विचारलं. चष्मा कपाळावर चढवून ते माझ्याकडं पाहतच राहिले. म्हणाले, "हा प्रश्न तुम्हाला कोणी घातला?"

"आमच्या भाटव्यांनी."

"कुठं शिकवतात?"

"घाटावर."

त्यांना वाटलं असेल, बनारसच्या बाजूचे कोणी पंडित! मी समजावून सांगितलं तेव्हा ते मोठ्यानं हसले आणि मग गंभीर झाले. म्हणाले, सगळं तिथंच अडलं होतं. मोठमोठी माणसं या पाच आणि आठापाशीच बसली होती. त्याच दिवशी त्यांनी मला स्वतःच्या कपाटातली दोन मासिकं वाचायला दिली आणि म्हणाले, बी. एस्सी. झाल्यावर घरी पळू नका. मी एम. एस्सी.ला गेलो तो तुमच्या त्या बांबूमुळं. त्या दिवशी तुम्ही बुढीचं ऐकून डोंगा हाकला असता, तर मी आज कुठं तरी तलाठी झालो असतो. वाईट नसतं. पण हे नसतं.

पुढच्या हिवाळ्यात मी टेक्नेशियमची गोष्ट आणली. फार मोठी गोष्ट म्हणून आणली होती, समजवायला अर्धी नदी तरी लागेल असं वाटलं होतं. म्हटलं, काही म्हाताऱ्या ताऱ्यांच्या उजेडात टेक्नेशियम नावाचं मूलद्रव्य दिसलं. ते आपल्या जमिनीत सापडत नाही, कारण ते फार काळ टिकत नाही. काही लाख वर्षांत नासून जातं. आणि ताऱ्यांचं वय तर त्याच्या कितीतरी पट...

"म्हंजे मासोळी ताजी हाय," तुम्ही म्हणालात.

"काय?"

"बजारात ताज्या डोळ्याची मासोळी दिसली, का समजाचं आज सकारी कोणी तरी जाळं टाकलं. मांगच्या महिन्याची मासोळी अशी रायते का? तुह्या ताऱ्यात अजून जाळं पडून राह्यलं. पयलेच सगळं झालं नाई, आत्ताबी होऊन राह्यलं. हेच ना?"

हेच. अगदी हेच. तारा आपल्या पोटात आजही न्यूट्रॉन धरून नवी मूलद्रव्यं करतो आहे. मला पुढं सांगायला काही उरलं नाही. मी उरलेली नदी गुपचूप मुरमुरे खात बसलो. मला राग आला होता, हे आता कबूल करतो. एवढं वाचून जे मी घोकून आलो, ते तुम्ही एका दमात मच्छीबाजारात नेऊन ठेवलं.

आणि मग पाचाचं उत्तर. ते मी तुम्हाला मागच्या उन्हाळ्यात दिलं. घाटाखालचे दगड उघडे पडले होते, डोंगा करंजाखाली होता, म्हणून आपण पायी निघालो होतो. मी म्हटलं, "भाऊजी, पाच-आठचं उत्तर मिळालं." तुम्ही पहिल्या दगडावरच थांबलात.

मी सांगितलं. पाचावर कोणी पाय ठेवतच नाही. ताऱ्याच्या पोटात फार गर्दी आणि फार उष्णता असते. तिथं चार वजनाचे दोन हेलियम जुळतात, आठ होतात. ते फुटायच्या आत तिसरा हेलियम येऊन धडकतो. बारा होतात. बारा म्हणजे कार्बन, आपला कोळसा. चारावरून आठ, आठावरून बारा. त्याच्या पुढं रस्ता मोकळा. लोखंडापर्यंत पोचलं, की मग पुन्हा एकेक न्यूट्रॉन धरत शिशापर्यंत.

"पटत नाई," तुम्ही म्हणालात. "आठ तं फुटते म्हणतो. फुटनाऱ्या दगडावरून कोणी जाते का?"

मी पुन्हा सांगितलं. तुम्ही पुन्हा म्हणालात, पटत नाही. असं बोलत बोलत आपण त्या डुगडुगत्या दगडापाशी आलो. सगळ्या गावाला तो माहीत आहे, नवा माणूस त्याच्यावर हमखास पडतो. तुम्ही धोतर खोचलंत, त्याच्यावर पाय टाकलात, दगड कलंडला, आणि तो पुरता कलंडायच्या आत तुम्ही पुढच्या दगडावर होतात. तिथं उभं राहून तुम्ही मागं वळून त्या दगडाकडं पाहिलं. बराच वेळ.

"साळेबाबू," तुम्ही म्हणालात, "आठवर राहाचं नाई. आठवरून जाचं."

सरांनी यासाठी दोन तास घेतले होते आणि दोन फळे भरले होते. तुम्ही हसत होतात. मी तुमच्याकडं पाहत पाहत पाय टाकला आणि त्या दगडावर थांबलो. पुढचं तुम्ही सगळ्या गावाला सांगितलंच. माझ्या वह्या दोन दिवस करंजाच्या फांदीवर वाळत होत्या.

आपली शेवटची फेरी कार्तिकातली. नुकतेच आपण मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेलो होतो. मी ते सांगितलं तर तुम्ही म्हणालात, "मी तं कुठीच नाई गेलो. इथीच हावो." आणि ती गोष्ट म्हणून धरली नाही. मग तुम्हीच विचारलंत, "ते सगळं झालं. पण ताऱ्यात न्यूट्रान आणते कोण?"

मी सांगितलं, कार्बनचा एक भारी भाऊ असतो, तेरा वजनाचा. त्याच्यावर हेलियम आदळला की न्यूट्रॉन बाहेर पडतो.

"आन् त्या कार्बनले?"

"तो हेलियमचा झाला."

"आन् हेलियमले?"

"हायड्रोजनचा."

"आन् त्याले?"

"ते कोणालाच माहीत नाही."

तुम्ही बांबू मारत म्हणालात, "मले तं मायनं आणलं. तीन दिवस पायी चालून. तिथीबी कोणती तरी माय गेली असन."

मी हसलो. मोठ्या ऐटीत म्हणालो, "भाऊजी, सायन्समध्ये माय नसते."

"मंग तुहं सायन्स अर्धंच हाय."

तेवढ्यात काठ लागला. वाद तसाच राहिला. आजही मी म्हणतो, तुमचं चूक होतं. पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं नाही, हेही तितकंच खरं. हा वाद मी सोडलेला नाही, लक्षात ठेवा.

जानेवारीत मी परीक्षेचा फॉर्म भरला. फॉर्मात पालकाचं नाव लिहायचं असतं. शाळेपासून मी तिथं मायचं नाव लिहीत आलो होतो. बाईमाणूस पालक म्हणून कारकून कुरकुरायचे, तरी तेच लिहायचो. तुमचं लिहायची लाज वाटायची. खरं ते लिहितो. या वेळी मी लिहिलं : गोविंदा. नात्याच्या रकान्यात लिहिलं : भाटवे.

कारकून म्हणाला, "बहिणीचा नवरा पालक कसा होईल? वडील नसतील तर काका लिहा, मामा लिहा."

"काका घाट घ्यायला बसला होता. हेच राहू द्या. वाटलं तर घरजावई लिहा."

"असं नातं फॉर्मात बसत नाही."

"घरात बसलं आहे," मी म्हणालो, "पंधरा-सोळा वर्षं झाली."

त्यानं माझ्याकडं पाहिलं, टाक बुडवला, भाटवे खोडून घरजावई लिहिलं आणि शिक्का मारला.

हे तुम्हाला पत्रानं कळवलं असतं. पण तुम्हाला पत्र दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागतं. मला वाटलं, माझी माफी गुरुजींच्या तोंडून का जावी, सगळ्या गावानं का ऐकावी? परीक्षा झाली की समोर बसून सांगू. इथंच मी चुकलो. अपमान भरल्या डोंग्यानं ऐकला होता. माफीही भरल्या डोंग्यानंच ऐकायला हवी होती.

चैत्रात तुम्ही चार दिवसांच्या काविळीत गेलात. तार उशिरा मिळाली. माझा शेवटचा पेपर झाला होता. मी तिसऱ्या दिवशी घाटावर पोचलो. पलीकडून डोंगा येताना दिसला, आणि बांबू कोणाच्या हातात आहे ते आधी मला ओळखूच आलं नाही. बाई होती. कासोटा घातलेला, पदर खोचलेला. मायला हसले होते तेच दोन काठ, तोच घाट. कोणी हसलं नाही. काका काठावर उभा होता, त्यानं पुढं होऊन डोंग्याची दोरी धरली. सगुणाबुढीनं सरकून मला कोरडी जागा दिली.

मधात आल्यावर बाई माझ्याकडं न पाहता म्हणाली, "गोष्ट?"

मी सांगितली. सगळ्यांच्या समोर सांगितली. म्हटलं, याच डोंग्यात मी भाऊजींना काय बोललो होतो ते तुम्ही ऐकलं आहे. ते माझं चुकलं. त्यांना विचारायचा हक्क होता. दुसऱ्या कोणाला नव्हता एवढा होता. फॉर्मात मी त्यांचंच नाव पालक म्हणून लिहिलं आहे, आणि हे त्यांना सांगायचं राहून गेलं.

बाई बांबू मारत होती. पाणी निथळू द्यायची तुमचीच लकब. मग म्हणाली, "हे शिळं हाय."

"बाई?"

"ते त्याच दिशी घरी येऊन हासत होते. म्हणे, पोरगा आज लय तापला, आता पास होते. तुले तवाच माफ झालं होतं. नवी सांग."

सगुणाबुढी पदर तोंडाला लावून रडतही होती आणि हसतही होती. मी डोळे पुसले. म्हटलं, परीक्षेत प्रश्न आला होता. पाच आणि आठ ओलांडून पुढची मूलद्रव्यं कशी झाली, ते लिहा.

बाईनं पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं. "लिवलं?"

"लिहिलं. आठवर राहायचं नाही, आठवरून जायचं."

"मंग हे चालते," बाई म्हणाली, आणि डोंगा अगदी हळू आणून घाटाला लावला.

भाऊजी, निकाल काल लागला. मी एम. एस्सी. झालो, पदार्थविज्ञानात, दुसऱ्या वर्गात. आपल्या घाटाच्या दोन्ही काठांवरच्या गावांत पहिला. पालक : गोविंदा, घरजावई.